माय.सीएनएफ बदलली तरी सर्व्हर ऐकत नाही (उबुंटू, विंडोज, मॅक)

नाशिककर_२
नमस्कार मंडळी. एका कॉलेजच्या ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सांभाळायला आमच्याकडे आलंय. सर्व्हर उबुंटू २२.०४, त्यावर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस. डेव्हलपमेंटला माझ्याकडे विंडोज ११, सहकारी मुलीकडे एम१ मॅक, आणि तिसऱ्याने झॅम्प (वेब सर्व्हर, डेटाबेस, पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) टाकलंय.

परीक्षेच्या दिवसांत 'टू मेनी कनेक्शन्स' येतं म्हणून मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन चालतील ते) ३०० करायचं ठरलं. साधं काम. पण सर्व्हरवर फाइंड मारला तर माय.सीएनएफ (मायएसक्यूएलच्या सेटिंगची फाइल) आणि तिच्या नात्यागोत्यातल्या चार फाइली निघाल्या. गूगलवर प्रत्येक जण वेगळी फाइल बदलायला सांगतो. शेवटी /ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी/मायएसक्यूएलडी.सीएनएफ मध्ये ३०० लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. शो व्हेरिएबल्स (चालू सेटिंग दाखवणारी कमांड) अजूनही २०० म्हणतो.

विंडोजवर तर प्रोग्रॅम फाइल्समधल्या मायएसक्यूएलच्या फोल्डरात माय.आयएनआय (विंडोजवरची माय.सीएनएफ) नाहीच. मॅकवर कुठलीच फाइल नाही, तरी सर्व्हर मजेत चालू.

तर प्रश्न असा, की कुठल्याही ओएसवर 'खरी' फाइल कोणती हे खात्रीने कळायचा एकच मार्ग आहे का?

डोंबिवली_फास्ट
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या ऑफिसात हा प्रश्न दर पावसाळ्यात उगवतो.

चिवडा_अर्धा_किलो
ओळीच्या सुरुवातीचा हॅश काढलात ना? उबुंटूच्या त्या फाइलीत मॅक्स_कनेक्शन्सची ओळ मुळात कॉमेंट केलेली असते.

नाशिककर_२
हो, काढला. आणि मायएसक्यूएलडी या कंसाखालीच आहे, नुसत्या मायएसक्यूएल कंसाखाली नाही. इतकं तपासून मगच इथे आलोय :)

पाटीपेन्सिल
'खरी फाइल' असं काही नसतंच, इथून सुरुवात करू. लिनक्सवर सर्व्हर ओळीने अनेक फाइली वाचतो. आधी /ईटीसी/माय.सीएनएफ, मग /ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ, मग बिल्ड करताना ठरवलेली जागा असेल तर ती, मग मायएसक्यूएल_होम, आणि शेवटी यूजरच्या होममधली .माय.सीएनएफ. सापडेल ती वाचतो, नसेल ती सोडून देतो, एरर देत नाही. एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर नंतर वाचलेलं टिकतं. म्हणजे घरात सगळे बोलणार, पण शेवटचा शब्द आजीचा.

उबुंटूने यात स्वतःची भर घातलीय. /ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ ही खरी फाइल नसून दुवा आहे, तो अल्टरनेटिव्ह्जमधून फिरून मायएसक्यूएल.सीएनएफ वर जातो. त्या फाइलीत स्वतःचं फारसं काही नाही, फक्त दोन इन्क्लूडडिर ओळी ('या फोल्डरातल्या फाइली वाच' असं सांगणाऱ्या) आहेत, एक कॉन्फ.डी साठी आणि एक मायएसक्यूएल.कॉन्फ.डी साठी. त्यामुळे तुमच्या चार फाइलींमध्ये तीन जणी एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या असणार. रेडहॅट, रॉकी वगैरेवर प्रकार सुटसुटीत आहे: /ईटीसी/माय.सीएनएफ आणि शेजारी माय.सीएनएफ.डी फोल्डर.

एक खोच. इन्क्लूडडिरवाल्या फोल्डरात लिनक्सवर फक्त .सीएनएफ शेपटीच्या फाइली वाचल्या जातात. माझंसेटिंग.कॉन्फ असं नाव दिलंत तर सर्व्हर ढुंकूनही बघत नाही.

वाटाणा
मायएसक्यूएलडी (सर्व्हरचा मूळ प्रोग्रॅम) --व्हर्बोज --हेल्प चालवा, पहिल्या पानातच 'डिफॉल्ट ऑप्शन्स आर रेड फ्रॉम' अशी ओळ येते, तिथे क्रमाने पाथ असतात. विषय संपला. सगळ्या ओएसवर चालतं.

रातपाळी
वाटाणा, विषय संपत नाही हो. ती कमांड सांगते की *हा* बायनरी कुठे शोधेल. चालू असलेल्या सर्व्हरने काय वाचलं ते सांगत नाही. मॅकवर होमब्रूचा (पॅकेज मॅनेजरचा) एक आणि डीएमजीतून (डाउनलोड केलेल्या इंस्टॉलरमधून) टाकलेला एक असे दोन मायएसक्यूएलडी सर्रास असतात. टर्मिनलमध्ये एक उत्तर देतो, ३३०६ वर (मायएसक्यूएलच्या पोर्टवर) दुसराच बसलेला असतो. शिवाय सर्व्हिसला --डिफॉल्ट्स-फाइल देऊन चालू केलं असेल तर हेल्पमधली पूर्ण यादीच गैरलागू, कारण मग त्या यादीऐवजी ती एकच फाइल वाचली जाते. आणि होम फोल्डर तुमचं दाखवणार, सर्व्हर ज्या यूजरने चालतो त्याचं नाही.

नाशिककर, मला तुमच्या पोस्टमधला २०० हा आकडा खुपतोय. मायएसक्यूएल ८.० चा डिफॉल्ट १५१ आहे. तुमची फाइल वाचली जात नसती तर १५१ दिसायला हवं होतं. २०० कुणीतरी, कुठेतरी लिहिलेलं आहे. कुठली फाइल खरी ते राहू दे, २०० कुठून आलं ते आधी शोधा.

डोंबिवली_फास्ट
शेरलॉकताई आल्या. पॉपकॉर्न घ्या रे.

काथ्याकूट
२०० ऐवजी २१४ असतं तर मी झोपेत उत्तर दिलं असतं. फाइल उघडायची मर्यादा १०२४ असेल तर सर्व्हर तुमचं ३०० गुपचूप कापून २१४ करतो. हिशोब असा: १०२४ मधून १० राखीव आणि टेबल कॅशच्या किमान ४०० चे दुप्पट ८०० वजा. एरर लॉगमध्ये वॉर्निंग असते, पण ती वाचतो कोण! त्यावर उपाय सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये लिमिट-नो-फाइल वाढवणं, माय.सीएनएफ मध्ये कितीही लिहा, उपयोग नाही. बरेच जण याला 'माझी फाइल वाचत नाही' असं समजतात.

पण २०० बरोब्बर आलंय, म्हणजे माणसाने लिहिलंय. रातपाळींना +१.

खारे_दाणे
पोस्टग्रेस (दुसरा डेटाबेस) वापरा. शो कॉन्फिग_फाइल, एंटर. पूर्ण पाथ. शो एचबीए_फाइल, एंटर. तोही पूर्ण पाथ. धागा वाचून हसू येतंय.

पाटीपेन्सिल
दाणे, हसा, पण अर्धंच सांगू नका. डेबियन-उबुंटूवर तुमची पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन मध्ये, रेडहॅटवर /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल मधल्या डेटा फोल्डरात, विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समधल्या डेटा फोल्डरात. आणि ऑल्टर सिस्टम वापरलं की ते पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ मध्ये जाऊन बसतं आणि मुख्य फाइलीवर मात करतं. आजी तुमच्याकडेही आहे.

खारे_दाणे
आहे, मान्य. पण आमची आजी लपून बसत नाही. पीजी_सेटिंग्ज मध्ये सोर्सफाइल आणि सोर्सलाइन हे दोन कॉलम आहेत, कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीने ही किंमत दिली ते सुपरयूजरला सरळ दिसतं. शेजारी पेंडिंग_रीस्टार्ट. फाइल बदललीत पण रीस्टार्ट बाकी आहे, हेही कळतं. लिसन_अॅड्रेसेस बदलून नुसता रीलोड करणारे लोक रोज भेटतात.

जुनं_खोड
आम्ही ओरॅकलवाले इथे शांतपणे बसून ऐकतोय. टीएनएसनेम्स.ओरा (कुठल्या डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) कुठली वाचली जातेय यावर ज्यांच्या रात्री गेल्या, त्यांना माय.सीएनएफ म्हणजे सहल. एकाच विंडोज मशीनवर दोन ओरॅकल होम, पाथमध्ये जो आधी तो जिंकतो, आणि टीएनएस_अॅडमिन नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुणी कधी टाकलं ते कुणालाच ठाऊक नाही. टीएनएसपिंग चालवल्यावर तो वापरलेल्या एसक्यूएलनेट.ओरा या पॅरामीटर फाइलीचा पाथ छापतो, त्यावरून फोल्डरचा अंदाज येतो, एवढाच आधार.

चिवडा_अर्धा_किलो
खोडकाका, एसक्यूएल सर्व्हरला तर फाइलच नव्हती, सगळं रजिस्ट्रीत आणि एसपी_कॉन्फिगर मध्ये. लिनक्सवर आला तेव्हा बिचाऱ्याला /व्हार/ऑप्ट/एमएसएसक्यूएल मध्ये एमएसएसक्यूएल.कॉन्फ द्यावी लागली.

घाटपायथा
विंडोजचं उत्तर कुणी दिलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. इंस्टॉलरने टाकलेला मायएसक्यूएल ८.० असेल तर माय.आयएनआय सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरात असते: प्रोग्रॅमडेटा, मायएसक्यूएल, मायएसक्यूएल सर्व्हर ८.०. प्रोग्रॅम फाइल्स नव्हे. प्रोग्रॅमडेटा हिडन असतो म्हणून एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, वरच्या पट्टीत पाथ टाइप केला की उघडतो. पण अंदाज करायची गरजच नाही. सर्व्हिसेसच्या यादीत मायएसक्यूएल८० वर डबल क्लिक करा, 'पाथ टू एक्झिक्यूटेबल' वाचा. त्यात --डिफॉल्ट्स-फाइल च्या पुढे आख्खा पाथ लिहिलेला असतो. ओळ लांब असते, खिडकीत मावत नाही, कर्सर उजवीकडे सरकवत न्या. कमांड लाइनवर एससी क्यूसी मायएसक्यूएल८० म्हटलं तरी तेच येतं.

झॅम्पवाल्यासाठी: सी ड्राइव्ह, झॅम्प, मायएसक्यूएल, बिन, माय.आयएनआय. आणि झॅम्पमध्ये आज जो आहे तो मायएसक्यूएल नाही, मारियाडीबी आहे. त्यामुळे तुमच्या तिघांपैकी एक जण वेगळ्याच सर्व्हरवर टेस्ट करतोय, हे लक्षात असू द्या.

विंडोजवर तीन गोष्टी हमखास नडतात. नोटपॅडने फाइल माय.आयएनआय.टीएक्सटी नावाने सेव्ह होणं, आणि एक्स्टेन्शन लपवलेलं असल्यामुळे ते न दिसणं. दुसरं, यूटीएफ-८ बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) सकट सेव्ह होणं. मग पहिल्याच ओळीवर 'फाउंड ऑप्शन विदाउट प्रिसीडिंग ग्रुप' असं येतं आणि सर्व्हिस चालूच होत नाही. डोळ्यांना फाइल अगदी बरोबर दिसते. तिसरं उलटी तिरकी रेघ. डेटाडिर मध्ये तिच्यापुढे एन आला तर ती नवी ओळ समजली जाते, टी आला तर टॅब. पाथमध्ये सरळ तिरक्या रेघा वापरा, विंडोजवरही चालतात.

नाशिककर_२
घाटपायथा, दंडवत. प्रोग्रॅमडेटातच निघाली. डिफॉल्ट्स-फाइल पण दिसली. विंडोज सुटलं.

रातपाळी, तुम्ही म्हणताय ते पटलं. उबुंटूवर पूर्ण /ईटीसी मध्ये ग्रेप मारला (फाइलींच्या आतला मजकूर शोधला). मॅक्स_कनेक्शन्स फक्त मीच लिहिलेल्या ओळीत आहे. २०० कुठेही नाही. सिस्टमडीच्या युनिटमध्येही काही वेगळं दिसलं नाही.

वाटाणा
मग डॉकर (सर्व्हर 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या पेटीत चालवणारं साधन) असेल. हल्ली सगळीकडे डॉकर असतो.

नाशिककर_२
डॉकर नाही.

वाटाणा
बरं. तरी डॉकरवाल्यांच्या माहितीसाठी: कंटेनरमध्ये आपली फाइल /ईटीसी/मायएसक्यूएल/कॉन्फ.डी मध्ये माउंट करायची, मुख्य फाइलीला हात लावायचा नाही. आणि विंडोजवरून माउंट केली तर आत ७७७ परवानगीने दिसते. मायएसक्यूएल अशी सगळ्यांना लिहिता येणारी फाइल वाचतच नाही, 'वर्ल्ड-रायटेबल कॉन्फिग फाइल इज इग्नोर्ड' एवढी वॉर्निंग देऊन पुढे जातो. इमेज बनवतानाच कॉपी करून ६४४ द्या.

सिस्टमअॅडमिन_आत्या
हे डॉकरपुरतं नाही. 'परमिशनचा काहीतरी प्रॉब्लेम असेल' म्हणून सीएचमॉड ७७७ मारणारे महाभाग आहेत. चालू असलेली फाइलही त्यानंतर वाचली जात नाही. आणि सर्व्हर बरोबर करतो. कुणीही लिहू शकेल अशा फाइलीवर डेटाबेसने विश्वास का ठेवावा?

काथ्याकूट
आत्याबाईंना सलाम. नाशिककर, आता ही क्वेरी चालवा: परफॉर्मन्स_स्कीमा.व्हेरिएबल्स_इन्फो या टेबलातून व्हेरिएबल_नेम मॅक्स_कनेक्शन्स असलेली ओळ काढा, आणि व्हेरिएबल_सोर्स, व्हेरिएबल_पाथ, सेट_टाइम, सेट_यूजर हे कॉलम बघा. ८.० पासून आहे. सोर्समध्ये कम्पाइल्ड आलं तर कुठल्याच फाइलीत नाही, ग्लोबल आलं तर सामायिक फाइलीतून, कमांड_लाइन म्हणजे चालू करतानाच दिलेलं. दाण्यांच्या सोर्सफाइलला आमचं हे उत्तर. ओळीचा नंबर तेवढा देत नाही.

खारे_दाणे
ओळीचा नंबर तेवढा देत नाही :D

नाशिककर_२
चालवली. व्हेरिएबल_सोर्स: पर्सिस्टेड. पाथ: /व्हार/लिब/मायएसक्यूएल/मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ. सेट_यूजर रूट. सेट_टाइम हे काम आमच्याकडे येण्याच्या आधीचं.

ही फाइल माझ्या फाइंडमध्ये का आली नाही?

रातपाळी
सापडली आजी!

माय.सीएनएफ या नावाने शोधलंत, हिचं नाव वेगळं. शिवाय ती डेटा फोल्डरात राहते, आणि तिथे सुडोशिवाय कुणाला डोकावता येत नाही. ग्रेप तुम्ही /ईटीसी मध्ये मारलात. वाटाणांच्या हेल्पवाल्या यादीतही ती नसते.

झालं असं असणार: आधी ज्यांच्याकडे काम होतं त्यांच्यापैकी कुणीतरी सेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स = २०० दिलं. ८.० मध्ये आलेली सोय आहे ही. नुसतं सेट ग्लोबल रीस्टार्टनंतर विसरलं जातं, सेट पर्सिस्ट ते मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ मध्ये लिहून ठेवतं. आणि ही फाइल बाकी सगळ्यांच्या नंतर वाचली जाते. तुमची ३०० वाली ओळ दर वेळी इमानेइतबारे वाचली जात होती आणि त्यानंतर लगेच २०० ने पुसली जात होती.

ती फाइल जेसन आहे, एडिटरने उघडून हाताने बदलू नका. रीसेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स म्हणा, त्या फाइलीतून नोंद जाईल. चालू किंमत लगेच बदलत नाही, रीस्टार्ट लागेल. त्याआधी परफॉर्मन्स_स्कीमा.पर्सिस्टेड_व्हेरिएबल्स बघून घ्या, आणखी काय काय ठेवून गेलेत ते कळेल. नुसतं रीसेट पर्सिस्ट म्हणालात तर सगळंच जाईल, तेव्हा नाव लिहायला विसरू नका.

सिस्टमअॅडमिन_आत्या
जोड देते. पर्सिस्ट केलेल्या चुकीच्या किमतीमुळे सर्व्हर चालूच होत नसेल तर पर्सिस्टेड_ग्लोबल्स_लोड ऑफ करून चालू करता येतो. ती सेटिंग मात्र माय.सीएनएफ मध्ये किंवा चालू करतानाच कमांड लाइनवर द्यायची.

पाटीपेन्सिल
यावरून जुना वाद: सेटिंग डेटाशेजारी असावं की /ईटीसी मध्ये? मी /ईटीसी वाला. मशीनचं कॉन्फिगरेशन एका ठिकाणी, गिटमध्ये टाकता येतं, कुणी काय बदललं ते दिसतं. सेट पर्सिस्ट मला या एका कारणासाठी आवडत नाही.

खारे_दाणे
आणि मी डेटाशेजारी वाला. डेटा फोल्डर उचलला की सेटिंग सोबत येतं. उबुंटूवर पीजी_बेसबॅकअप घेतलात तर /ईटीसी मधल्या फाइली त्यात नसतात. नव्या मशीनवर रीस्टोअर करताना लोकांना ते कळतं, नको त्या वेळी.

पाटीपेन्सिल
१६ जीबीच्या मशीनचं सेटिंग ४ जीबीच्या मशीनवर डेटासोबत आपोआप पोचलं की बघू.

डोंबिवली_फास्ट
टॉस करा रे.

हापूस_परदेशी
मॅकचं राहिलंच. फाइल नसणं हा बिघाड नाही. डीएमजीतून टाकलेला मायएसक्यूएल कुठलीही माय.सीएनएफ देत नाही, सगळं डिफॉल्टवर चालतं. हवी असेल तर /ईटीसी/माय.सीएनएफ आपण बनवायची. होमब्रूने टाकला असेल तर एम मालिकेच्या मॅकवर /ऑप्ट/होमब्रू/ईटीसी/माय.सीएनएफ, जुन्या इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकल/ईटीसी/माय.सीएनएफ. जुने ब्लॉग दुसरा पाथ सांगतात, एम१ वाल्यांना तिथे काहीच सापडत नाही. आधी व्हिच मायएसक्यूएलडी बघायला सांगा, आणि सर्व्हरमध्ये लॉगिन करून सिलेक्ट @@बेसडिर. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर रातपाळी म्हणतात तसे दोन सर्व्हर आहेत.

नाशिककर_२
मॅकवर दोन निघाले :( होमब्रूचा काढून टाकायला सांगितलाय.

उबुंटूवर रीसेट पर्सिस्ट केलं, रीस्टार्ट केलं, ३०० दिसतंय. सोर्समध्ये आता ग्लोबल, पाथमध्ये माझी फाइल. पर्सिस्टेड यादीत अजून दोन-तीन सेटिंग आहेत, ती एकेक करून बघतो. सगळ्यांचे आभार.

चिवडा_अर्धा_किलो
वाखुसा (वाचनखूण साठवली). धागा कामाचा झाला.

रातपाळी
थांबा, धागा बंद करू नका. ३०० कशाला हवंय? एका कॉलेजच्या ग्रंथालयाला एका वेळी २०० कनेक्शन लागतात हे मला पटत नाहीये. गर्दीच्या वेळी शो प्रोसेसलिस्ट घ्या, आणि स्टेटसमध्ये मॅक्स_यूज्ड_कनेक्शन्स बघा.

नाशिककर_२
रीस्टार्टनंतर आज दुपारपर्यंत मॅक्स_यूज्ड २६० च्या वर गेलंय. प्रोसेसलिस्टमध्ये मोजून चार-पाच क्वेरी चालू, बाकी सगळ्यांपुढे 'स्लीप'. काहींचा टाइम दहा हजार सेकंदांच्या पुढे.

काथ्याकूट
वेट_टाइमआउट डिफॉल्टवर असणार, २८,८०० सेकंद. म्हणजे आठ तास. अॅपने कनेक्शन उघडून बंद केलं नाही तर सर्व्हर त्याला कामाचा अख्खा दिवस धरून बसतो.

नाशिककर_२
हो, २८,८०० च आहे. ३०० करू का? म्हणजे ३०० सेकंद.

रातपाळी
लगेच नको. अॅपमध्ये कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन) असेल तर त्याला न सांगता सर्व्हरने कनेक्शन तोडलं की 'सर्व्हर हॅज गॉन अवे' सुरू होईल आणि ग्रंथपाल तुम्हाला फोन करतील. आधी कोडमध्ये कनेक्शन कुठे उघडं राहतंय ते शोधा. प्रोसेसलिस्टमध्ये होस्ट कॉलममधला पोर्ट बघा आणि अॅप सर्व्हरवर एसएस (उघडी नेटवर्क कनेक्शन दाखवणारी कमांड) वापरून तो कुठल्या प्रोसेसचा आहे ते काढा. पूल असेल तर त्याचं आइडल टाइमआउट आधी कमी करा, आणि वेट_टाइमआउट त्याच्यापेक्षा थोडं जास्त ठेवा. आणि जे काही बदलाल ते मायएसक्यूएलडी.सीएनएफ मध्ये लिहा, सेट पर्सिस्टने नको.

नाशिककर_२
पीएचपी आहे, पर्सिस्टंट कनेक्शन चालू केलेलं दिसतंय.

डोंबिवली_फास्ट
आधीच्यांना पर्सिस्ट शब्दाचं फारच प्रेम होतं की.

काथ्याकूट
मग बरंचसं तेच. प्रत्येक पीएचपी-एफपीएम वर्कर (पीएचपी चालवणारी प्रोसेस) स्वतःचं एक कनेक्शन धरून बसतो. पीएम.मॅक्स_चिल्ड्रेन (जास्तीत जास्त वर्कर) किती आहे बघा. /ईटीसी/पीएचपी/८.१/एफपीएम/पूल.डी/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फ मध्ये मिळेल, उबुंटूचाच पीएचपी असेल तर.